बघितलेलं सगळं विणायचं नसतं

एका वाचक मैत्रिणीचा प्रश्न थोडक्यात असा आहे: 'चार वर्षं क्रोशाची ब्लँकेट्स विणतेय, पण सगळी दुसऱ्यांच्या नमुन्यांवरून. स्वतःचं डिझाईन सुचतं कुठून? आमच्या जुन्या घरातल्या षटकोनी फरशीचा एक फोटो माझ्याकडे आहे. करडी, मरून आणि फिकट पिवळी फरशी, त्यात एक फुटल्यावर बदललेली, वेगळ्याच रंगाची. त्यावरून ब्लँकेट करायला दोनदा घेतलं, दोन्ही वेळा उसवलं. कुठे चुकतंय?'

फरशीकडे शेवटी येते. आधी सुचण्याबद्दल.

सुचणं ही खरी अडचण क्वचितच असते. डोळे उघडे असले की दिवसाला दहा गोष्टी दिसतात. गंजलेला पत्रा, वाळत घातलेल्या चादरी, ओल आलेली भिंत. घोडं अडतं ते दिसलेल्यातलं काय सोडून द्यायचं इथे. मला हे कळायला एक अख्खं ब्लँकेट वाया घालवावं लागलं.

माझं पहिलं 'स्वतःचं' ब्लँकेट सूर्यास्ताचं होतं. (हसू नका, प्रत्येकीचं पहिलं सूर्यास्ताचं किंवा समुद्राचं असतं.) फोटो समोर ठेवला, त्यात दिसल्या तेवढ्या चौदा छटा गोळा केल्या आणि प्रत्येकीच्या सहा-सहा ओळी विणल्या. तीन महिने गेले. पुरं झाल्यावर पलंगावर पसरलं, तर सूर्यास्त कुठेच नव्हता. लोकर कंपनीचं शेड कार्ड अंथरल्यासारखं दिसत होतं. मग फोटो पुन्हा नीट बघितला. खालचा निम्म्याहून जास्त भाग जवळजवळ काळा होता. वर मळकट जांभळा. आणि ज्यासाठी मी तो फोटो काढला होता तो पेटलेला केशरी जेमतेम बोटभर होता. तो बोटभर होता म्हणूनच पेटलेला दिसत होता. मी चौदा जणांना समान वाटणी करून मोकळी झाले होते.

तेव्हापासून एकच नियम पाळते. जे बघितलं त्यातून एकच गोष्ट उचलायची. रंगांचं प्रमाण घेतलं तर आकार सोडायचा. आकार घेतला तर रंग दुसरीकडून आणायचे. नुसती लय घेतली, म्हणजे काय किती अंतराने पुन्हा येतं ते, तर बाकी दोन्ही सोडायचं. तिन्ही घेतलं की ब्लँकेटचं चित्र होतं, आणि क्रोशाने काढलेलं चित्र चार हातांवरूनसुद्धा ठोकळ्यांचं दिसतं, कारण आपला सगळ्यात लहान ठिपका म्हणजे एक टाका आणि तो चांगला जाडजूड असतो.

प्रमाण उचलायचं असेल तर त्याला एक साधी युक्ती आहे. जाड पुठ्ठ्याची दोन बोटं रुंद पट्टी कापायची आणि तिच्यावर हातातली लोकर गुंडाळायची, फोटोतल्या प्रमाणात. समजा वीस वेढे. करड्याचे तेरा, गडद निळ्याचे सहा, गंजासारख्या तांबड्याचा एक. पट्टी भिंतीला टेकवून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जायचं आणि डोळे किलकिले करून बघायचं. मोबाईलवर तिचा कृष्णधवल फोटोही काढा. दोन रंग त्या फोटोत एकसारखे करडे दिसले तर विणल्यावरही लांबून त्यांच्यातला फरक ठळक दिसणार नाही, मग एक लाल असो नि दुसरा हिरवा. पाच मिनिटांचं काम आहे. माझ्याकडे अशा पट्ट्यांचा एक बुटाचा खोका भरलाय आणि त्यातल्या दहापैकी नऊ कधीच विणल्या जाणार नाहीत. ते ठीकच आहे.

आता एक उदाहरण सविस्तर सांगते, कारण 'निसर्गातून प्रेरणा घ्या' या सल्ल्याने आजवर कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही.

खिडकीच्या गजापलीकडे एक कबुतर रोज येऊन बसायचं. कबुतर म्हटलं की आपल्याला घाणच आठवते, पण ते नीट बघा. पंख फिकट राखाडी, डोकं त्याहून गडद, पंखावर दोन काळे पट्टे आणि फक्त मानेवर तो हिरवा-जांभळा झळाळ. अंगाचा बहुतेक भाग अगदी गप्प आणि एकाच जागी सगळी श्रीमंती. मला तेवढंच उचलायचं होतं. मोठी शांतता आणि एका कडेला गजबज. पंखाचा आकार नको, पिसं नकोत. डोळ्याचा केशरी ठिपका मात्र फार मोह घालत होता. चार दिवस तो ठेवावा की काढावा यात गेले. ठेवला असता तर बघणाऱ्याने लगेच 'अगं बाई, कबुतर!' म्हटलं असतं आणि तिथेच बघणं संपलं असतं. काढला.

राखाडीच्या तीन छटा घेतल्या आणि त्या पट्ट्यापट्ट्यांनी न विणता दोन-दोन धागे एकत्र धरून विणल्या. आधी फिकट आणि फिकट, मग फिकट आणि मधला, मग मधला आणि मधला. असं केलं की एक छटा कुठे संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली ते सापडत नाही. दोन काळे पट्टे घातले, पण एकाची रुंदी तीन ओळी, दुसऱ्याची दोन, आणि अंतर डोळ्यांना पटेल तसं. खरी डोकेदुखी मानेची होती. ती झळाळी रंगद्रव्याची नसते, पिसाच्या सूक्ष्म रचनेवर उजेड पडून तयार होते, म्हणून मान हलली की रंग बदलतो. लोकर काही ते करणार नाही. चमकीचा धागा लावून बघितला, तो स्वस्त दिसला. शेवटी जागा बदलली की रंग बदलावा, एवढंच टाक्यातून साधायचं ठरवलं. हिरव्या जमिनीवर जांभळे उठावाचे खांब (खांब म्हणजे क्रोशाचा उंच टाका) घातले. म्हणजे सुई टाक्याच्या माथ्यात न घालता खालच्या खांबाला मागून वळसा घालून काढायची, की खांब पृष्ठभागावर नळीसारखा उभा राहतो. समोरून बघितलं तर हिरवं जास्त दिसतं. पलंगाच्या कडेला बसून तिरकं बघितलं की उभे जांभळे खांब मधलं हिरवं झाकून टाकतात. हा पट्टा मी फक्त वीतभर ठेवला, डोक्याकडच्या टोकाला. बाकी सगळं राखाडी. आजवर ते पाहून कुणीही कबुतर ओळखलेलं नाही, पण जवळजवळ प्रत्येक जण त्या वीतभर पट्ट्यावरून हात फिरवतो.

त्याच ब्लँकेटमध्ये आणखी एक गंमत झाली. हिरव्याला लागून असलेला राखाडी पट्टा अचानक गुलाबीसर दिसायला लागला. मला वाटलं, लोकरीचा गुंडा वेगळ्या वेळी रंगवलेल्या लोकरीतला आला. दोन्ही धागे शेजारी धरले, तर रंग तोच. हा डोळ्यांचा खेळ जुना आहे आणि त्याचा शोधही धाग्यातूनच लागलाय. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल १८२४ साली पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगाईचा प्रमुख झाला. तिथे भिंतीवर टांगायची विणीव चित्रं बनत. निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्यांत वापरलेला काळा धागा फिका पडतो अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने काळे रंग तपासले तर त्यांत खोट नव्हती. काळ्याला फिकं पाडत होता तो शेजारचा रंग. १८३९ मध्ये त्याने यावर मोठा ग्रंथच लिहिला. आपल्या कामापुरता अर्थ एवढाच, की गुंडा हातात धरून रंग निवडू नका. ज्याच्या शेजारी तो बसणार आहे, त्याला लावून निवडा.

आता टाक्याकडे वळते. पुष्कळ डिझाईन्स मला बाहेरून सुचलेलीच नाहीत, ती टाक्याच्या हिशोबातून निघाली. क्रोशात वाढ आणि घट यांचं गणित फार उघडं असतं. सपाट गोल हवा असेल तर मुक्या खांबांत (हा बुटका टाका) दर फेरीला साधारण सहा टाके वाढवायचे, खांबांत बारा. कमी वाढवले तर वाटी होते, जास्त वाढवले तर कडा लाटांसारखी फुलते. आपण त्याला चूक म्हणतो आणि उसवतो. कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ डायना तायमिना यांनी १९९७ मध्ये हीच 'चूक' ठरलेल्या प्रमाणात मुद्दाम करत नेली, आणि गणितातला अतिपरवलयी, म्हणजे सगळीकडे असाच फुलत जाणारा, पृष्ठभाग विद्यार्थ्यांच्या हातात ठेवला. तोवर कागद चिकटवून केलेली त्याची प्रारूपं टिकत नसत. हे कळल्यावर मी एका ब्लँकेटची किनार तशीच फुलवली, शेवटच्या तीन फेऱ्यांत प्रत्येक टाक्यात दोन. सुंदर झाली, पण त्या तीन फेऱ्यांनी आतल्या सबंध भागाच्या जवळपास निम्मी लोकर खाल्ली. सहज हिशोब होता. टाके दर फेरीला दुप्पट होतात, तीन फेऱ्यांत आठपट. आधी केला नाही.

लाटांचं ब्लँकेटही याच गणितावर चालतं. शिखरावर जितके टाके वाढतात तितकेच दरीत घटले पाहिजेत, नाहीतर कडा तिरकी पळते. पण वाढ आणि घट यांच्यामध्ये किती सरळ टाके ठेवायचे ते आपल्या हातात आहे, आणि तिथेच डिझाईन आहे. सगळीकडे दहा-दहा ठेवले तर नेहमीची नागमोडी. चार, सोळा, सात, दहा असे ठेवले की लांबवरच्या डोंगररांगा दिसायला लागतात, एकही रंग न बदलता. फिबोनाचीच्या आकड्यांवरून पट्टे करणाऱ्या खूप जणी आहेत, १, १, २, ३, ५, ८ असे, आधीच्या दोन आकड्यांची बेरीज म्हणजे पुढचा. ते छान दिसतात, पण आता इतके झालेत की मला त्यात काही सापडत नाही.

हल्ली तापमानाची ब्लँकेट्स लोकप्रिय आहेत. रोजच्या तापमानाला एक रंग, रोज एक ओळ. कल्पना मला मनापासून आवडते, कारण त्यात पुढचा रंग आपण ठरवत नाही, त्यामुळे हात आपल्या सवयींतून सुटतो. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठातल्या हवामानशास्त्रज्ञ एली हायवूड यांनी २०१७ मध्ये पृथ्वीच्या वाढत्या तापमानाचं असं ब्लँकेट क्रोशाने विणलं होतं. पुढच्याच वर्षी त्याच विद्यापीठातल्या एड हॉकिन्स यांचे निळ्यापासून लालपर्यंत जाणारे हवामान-पट्टे जगभर पोचले. जर्मनीत म्युनिकजवळच्या एका बाईंनी २०१८ मध्ये आगगाडीच्या उशिराचा लांबलचक स्कार्फ विणला. तो दोन सुयांवरचा, पण तत्त्व तेच. पाच मिनिटांच्या आतला उशीर करडा, अर्ध्या तासापर्यंतचा गुलाबी, त्याहून मोठा लाल. लाल बघून कुणालाही समजावं की तो काळ कसा गेला. पुढे लिलावात त्याला साडेसात हजार युरोंच्या वर किंमत आली.

पण विणायला घेण्याआधी ओळ मोजा. खांबाची एक ओळ मध्यम जाडीच्या लोकरीत साधारण १.३ सेंटीमीटर भरते. ३६५ ओळींचे झाले पावणेपाच मीटर. हे ब्लँकेट नाही, हा सतरंजीचा ताका झाला. मुक्या खांबाची ओळ ०.६ सेंटीमीटर धरली तर २१९ सेंटीमीटर, तेही लांबच आहे, पण पलंगावर मावतं. नाहीतर आठवड्याची सरासरी काढा. ५२ आठवडे, प्रत्येकी तीन ओळी खांबाच्या, दोन मीटरच्या आसपास. आणि रंगांच्या पायऱ्या सारख्या अंशांच्या नकोत. जिथे वर्षातले दोनशे दिवस चारच अंशांत फिरतात तिथे दर पाच अंशांना एक रंग ठेवला तर वर्षभर एकच नारिंगी विणत बसाल. गेल्या वर्षीचे आकडे काढा, त्यांना चढत्या क्रमाने लावा आणि सारखे दिवस पडतील असे आठ-दहा भाग पाडा. मग प्रत्येक रंगाला काम मिळतं.

मला स्वतःला मात्र सगळ्यात जास्त सुचतं ते ब्लँकेट ज्याचं असणार त्या माणसावरून. त्याच्या आवडत्या रंगाबद्दल मी फारसं विचारत नाही, तो कोण काय विचारेल त्याप्रमाणे बदलतो. ते पांघरणार कसं, कुठून बघणार, हे विचारते.

बाळासाठी म्हणून नेहमी फिकट गुलाबी, फिकट पिवळं मागितलं जातं. नवजात बाळाला स्पष्ट दिसतं ते वीस-तीस सेंटीमीटरवरचं, आणि त्यातही ठळक विरोध असलेलं. शिवाय वर्षाच्या आतल्या बाळाला झोपेत सुटं पांघरूण घालू नये, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. म्हणजे ब्लँकेट बहुतेक वेळ जमिनीवर अंथरलं जाणार आणि बाळ त्यावर पालथं पडून नाकासमोरचं बघणार. हे लक्षात घेतल्यावर मी फिकट रंग सोडून काळ्या-पांढऱ्या जाड चौकटी केल्या, मध्ये एकेक लाल. विण घट्ट, कारण जाळीत चिमुकलं बोट अडकतं. आईला सुरुवातीला धक्काच बसला होता. बाळाची तक्रार नव्हती.

दुसरं एका आजोबांचं. नजर अधू झालेली, रात्री उठले की ब्लँकेट उलटसुलट होई आणि पायाकडची थंड बाजू गळ्याशी यायची. त्यांना रंग काय करायचाय? सबंध ब्लँकेट एकाच खाकी रंगात केलं आणि डिझाईन सगळं बोटांसाठी केलं. डोक्याकडे गुळगुळीत मुका खांब, मध्ये उभ्या रेघा, पायाकडे टपोरे गोळे. अंधारात हात लागला की कळतं. माझ्या हातून झालेल्या कामांत त्याला मी वरचा नंबर देते आणि फोटोत ते अगदी पोत्यासारखं दिसतं.

उरलेल्या लोकरीबद्दल एवढंच. ज्याला आपण ग्रॅनी स्क्वेअर म्हणतो, तो मधून बाहेर फेऱ्यांनी वाढत जाणारा चौकोन १८८५ मध्ये 'प्रेअरी फार्मर' या अमेरिकेतल्या शेतीच्या नियतकालिकात छापलेला सापडतो. तेव्हापासून त्याची रचना जवळजवळ तीच आहे, कारण लहानशा उरलेल्या गुंड्याचा शेवट करायला त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. तुकड्यांतून करायचं असेल तर एकच धागा कायम ठेवा, प्रत्येक चौकोनाची शेवटची फेरी एकाच रंगात. मग आत काहीही चालतं.

आणि कुणाच्या परंपरेतून काही घेतलंत तर तसं सांगा. अलाबामातल्या गीज बेंड वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांच्या, कामाच्या जुन्या कपड्यांतून शिवलेल्या क्विल्ट, म्हणजे गोधड्या, २००२ मध्ये ह्यूस्टनच्या संग्रहालयात लागल्या आणि तेव्हापासून त्यांची एकात एक चौकटींची रचना सगळीकडे दिसते. मीही ती क्रोशात विणलीय. देताना सोबतच्या चिठ्ठीवर ती कुणाची ते लिहिलं होतं.

तर तुमची फरशी. तुम्ही रंग, आकार, मांडणी सगळंच घेतलं असणार, म्हणून ते फरशीचं नक्कल-चित्र झालं आणि तुम्हाला आवडलं नाही. फोटोबद्दल लिहिताना तुम्ही रंग एका दमात सांगून टाकलेत, पण बदललेल्या फरशीसाठी थांबलात. तुमचं डिझाईन तेच आहे. षटकोन ठेवा, तो क्रोशाला सोयीचाच आहे. बारा खांबांनी सुरुवात करायची, सहा कोपऱ्यांना वाढ द्यायची. समोरासमोरच्या बाजूंमध्ये १२ सेंटीमीटर भरेल इतका मोठा करा. एका ओळीत १०, पुढच्या ओळीत ९, अशा १४ ओळी लावल्या की १३३ षटकोनांत साधारण १२० बाय १५० सेंटीमीटर होईल. षटकोनांच्या ओळी एकमेकींत शिरतात, त्यामुळे दर ओळीला १२ नाही, साडेदहाच्या आतबाहेरच सेंटीमीटर वाढतात. लोकर काढताना हे धरा.

मग मरून आणि पिवळा दोन्ही सोडा. १३२ षटकोन करड्याचे, दोन-तीन अगदी जवळच्या छटांत, जुन्या फरशीचा रंग कुठे जास्त कुठे कमी झिजलेला असतो तसे. सांधे मात्र गडद धाग्याने जोडा. त्याच करड्याने जोडलेत तर षटकोन एकमेकांत विरघळतील आणि फरशी दिसणारच नाही. उरलेला एक त्या बदललेल्या फरशीच्या रंगाचा. तो मधोमध नको, कोपऱ्यातही नको. सगळे षटकोन जमिनीवर मांडून तो रोज नव्या जागी ठेवून बघा, जाता-येता. ज्या जागी तुम्ही त्याला ओलांडून पाय टाकाल, तिथे जोडून टाका.